रूपपालट आणि रसिकांचा रोष

ज्या वस्तूवर आपलें प्रेम असतें तिच्यांतील दोष आपण कौतुकानें सोसतों. पण तिचें रूप पालटलेलें मात्र आपणांस सोसवत नाहीं. आवडत्या गायकानें तोंडपाठ पदाची चाल बदलून म्हटली, नेहमींच्या मासिकानें मुखपृष्ठाची धाटणी बदलली, फार काय, वर्षानुवर्षें भिंतीवर टांगल्या जाणाऱ्या कॅलेंडरानें आपला ठसा बदलला, तरी घरांतील वडील माणूस कुरकुरल्यावांचून राहत नाहीं. ही कुरकूर हास्यास्पद म्हणून सोडून देण्याची आपली रीत आहे. परंतु तिच्या मुळाशीं एक खरा नीतिविषयक प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें. तो असा, कीं एखादी कलाकृति लोकांच्या जिव्हाळ्याची झाली म्हणजे तिच्या रूपावर त्यांचा कांहीं हक्क उत्पन्न होतो काय? आणि होत असल्यास तो कोठपर्यंत?

या प्रश्नाचें ताजें उदाहरण तरुण पिढीच्या करमणुकींत सांपडतें. 'द लेजंड ऑफ झेल्डा' नांवाची व्हिडिओ गेमची एक मालिका जपानांत १९८६ सालीं सुरू झाली आणि ती अद्याप चालू आहे. २००० सालीं तेथील एका प्रदर्शनांत या मालिकेच्या नायकाचें गंभीर, हुबेहूब माणसासारखें चित्र लोकांस दाखविण्यांत आलें, आणि त्यावर चाहते लुब्ध होऊन राहिले. पुढच्याच वर्षीं नवा खेळ जेव्हां प्रत्यक्ष दिसला, तेव्हां त्यांतील नायक मोठाल्या डोळ्यांचा, व्यंगचित्रांतल्या बालकासारखा होता. झालें! आमच्या वीराचें बाहुलें केलें, असा एकच ओरडा झाला. २००२ च्या अखेरीस 'विंड वेकर' या नांवानें तो खेळ बाहेर पडला. २००६ सालीं कर्त्यांनीं पुन्हां गंभीर रूपाचा दुसरा खेळ काढला. आणि २०१३ सालीं त्याच निंदिलेल्या खेळाची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां या मालिकेंतील देखण्या खेळांत त्याची गणना होऊं लागली होती.

खेळांतल्या एका बाहुल्याच्या डोळ्यांवरून एवढा गदारोळ व्हावा, याचें प्रौढ वाचकांस हसूं येईल. पण हसण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या देवघराकडे एकदां वळून पाहावें. तेथील तसबिरींची कुळकथा फार दूरची नाहीं. ती आमच्या मावळांतलीच आहे.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालें म्हणजे पुढचेंच स्टेशन मळवली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत काढलेला शिळाछापखाना प्लेगच्या दिवसांत, १८९९ च्या सुमारास, येथें आला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. जर्मन यंत्रें, एकेका रंगाचा एकेक दगड, आणि त्यांतून निघणाऱ्या तैलचित्रासारख्या चकचकीत तसबिरी, असा तेथील व्यवहार होता. ज्यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्या दादासाहेब फाळक्यांनींही या छापखान्यासाठीं काम केलें होतें. इंद्रायणीच्या खोऱ्यांतील या लहानशा गांवांतून लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय आणि राम हे हिंदुस्थानभर घरोघर गेले.

त्यापूर्वीं आपल्या लोकांचे देव कसे होते? देवळांत काळ्या पाषाणाचे वा शेंदूर चढलेले, देवघरांत चांदीच्या टाकावर ठोकलेले, चित्रकथ्याच्या पोथींत टपोऱ्या डोळ्यांचे आणि एका बाजूस तोंड केलेले. छापील चित्रें नव्हतीं असें नाहीं. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं काढलेल्या चित्रशाळेचीं चित्रें घरोघर लागलेलीं होतीं. पण रविवर्म्याच्या लक्ष्मीनें जरीकांठी साडी नेसली, तिच्या गालांवर उजेड आणि मानेखालीं सावली पडली, आणि तिचा चेहरा एखाद्या कुलवंत गृहिणीसारखा दिसूं लागला. देव दिसावयाचा कसा, याविषयींची हजारों वर्षांची रूढि एका विलायती तंत्रानें पालटून टाकली.

यावर रोष झाला नाहीं असें मुळींच नाहीं; मात्र तो झाला विद्वानांस. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता अशा मर्मज्ञांनीं या चित्रांवर कडक टीका केली. देवांच्या अंगीं देवत्व राहिलें नाहीं, ते नाटकांतल्या पात्रांसारखे उभे राहतात, हात हिंदी पण डोळा परका, असा त्या टीकेचा मथितार्थ होता. सामान्य लोकांनीं मात्र हीं चित्रें नुसतीं स्वीकारलीं नाहींत, तर कित्येक घरीं बायकांनीं छापील साडीवर खरी जर शिवली, मुकुटावर मणी आणि टिकल्या बसविल्या. या हौशींत सहर्ष संमति तर होतीच, पण हें चित्र आतां आमचें झालें, ही मालकीची भावनाही होती.

आणि पुढें काय झालें? दोन पिढ्यांच्या आंत हाच नवा अवतार मूळ स्वरूप ठरला. नंतर रघुवीर मुळगांवकरांच्या गोड, नितळ देवता आल्या, एस. एम. पंडितांचे पिळदार वीर आले, आणि त्या प्रत्येकास लोक मळवलीच्या गजानें मोजूं लागले. अलीकडे २०२२ च्या ऑक्टोबरांत ओम राऊत यांच्या 'आदिपुरुष' चित्रपटाची झलक दिसतांच, हा आमचा मारुति नव्हे, हा आमचा रावण नव्हे, असा गलका उठला आणि निर्मात्यांस प्रदर्शन पुढें ढकलून चित्रांवर पुन्हां काम करावें लागलें. ज्या परंपरागत रूपाच्या नांवें हा गलका झाला, तें बव्हंशीं शंभर-सव्वाशें वर्षांमागील छापखान्यांतून आणि त्यानंतरच्या पडद्यावरून आलेलें होतें.

एवढ्यावरून कोणी म्हणतील, "झालें तर मग! आजचें बंड हेंच उद्यांचें पावित्र्य. रसिकांनीं उगाच कां रागवावें? काळ सर्व पचवितो." हा युक्तिवाद दिसण्यांत शहाणपणाचा आहे, पण तो फार स्वस्त आहे. काळ चांगलें पचवितो तसें वाईटही पचवितो. एखाद्या वस्तूची संवय झाली, एवढ्यावरून ती योग्य होती असें सिद्ध होत नाहीं. शिवाय या मतानें रसिकाची किंमत शून्य होते. आज तो रडो वा हंसो, त्याच्या मुलांनीं तें मुकाट्यानें स्वीकारलें म्हणजे पुरे! ज्यांच्या प्रेमावर कला जगली त्यांना असा जबाब देणें कृतघ्नपणाचें आहे. याच्या उलट, लोकांच्या पैशावर आणि प्रेमावर मालिका चालते, तेव्हां लोक सांगतील तेंच रूप ठेवावें, असेंही कोणी म्हणतात. तसें झालें असतें तर मळवलीची लक्ष्मी जन्मासच आली नसती.

आमच्या मतें या कोड्याची किल्ली आपल्या उपासनेच्या रीतींतच आहे. देवतेच्या ध्यानाचे श्लोक काळजीपूर्वक पाहिले तर असें दिसतें, कीं हात किती, हातांत आयुधें कोणतीं, वाहन कोणतें, आसन कशाचें, वर्ण कसा, हें सर्व त्यांत बांधून दिलेलें असतें. चेहऱ्याचें वर्णन केलेंच तर तो प्रसन्न किंवा उग्र असावा एवढेंच. नाकाचा उंचवटा कसा, वस्त्राच्या निऱ्या किती, गालावर छाया पडावी कीं नाहीं, याविषयीं हे श्लोक बहुधा मौन धरतात. म्हणजे परंपरेनें दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: एक लक्षण आणि दुसरी शैली. लक्षण म्हणजे जें गेलें असतां वस्तु ती वस्तुच राहत नाहीं. शैली म्हणजे त्या वस्तूनें त्या त्या काळीं नेसलेलें वस्त्र. लक्षण सर्वांचें आहे. त्यास धक्का लागला तर विचारण्याचा हक्क प्रत्येक भक्ताला आहे. शैली कारागिराची आहे. ती त्यानें निवडावी.

ही कसोटी लावली म्हणजे वरील दाखल्यांचा निवाडा सोपा होतो. झेल्डाच्या चाहत्यांनीं खेळ हातीं घेतल्यावर त्यांस आढळलें, कीं अज्ञात प्रदेशांत भटकणें, कोडीं सोडविणें, थोडक्या बळावर मोठें धाडस करणें, हें त्या मालिकेचें लक्षण शाबूत आहे. बदललें तें वस्त्र. म्हणून राग ओसरला. 'आदिपुरुषा'च्या बाबतींत दोन निरनिराळे राग एकांत मिसळले होते. दाढी, कवच आणि रंग यांवरचा राग शैलीवरचा होता. त्यांत रुचीचा भाग मोठा. परंतु २०२३ च्या जूनमध्यें चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मारुतीच्या तोंडच्या भाषेबद्दल जो राग उसळला, तो लक्षणावरचा होता. वाक्पटु आणि विनयशील दूत हें मारुतीचें लक्षणच आहे. त्याच्या मुखीं रस्त्यावरची भाषा घातली म्हणजे मारुति उरत नाहीं. ते संवाद निर्मात्यांनीं बदलले, हें आमच्या मतें योग्यच झालें.

पण शैली म्हणजे नुसतें वस्त्र, असें म्हणून हात झटकणेंही बरोबर नाहीं. साठ वर्षें ज्या आजीबाईनें मळवलीच्या लक्ष्मीपुढें निरांजन लावलें, तिला तो चेहरा वस्त्र नव्हे; त्याच चेहऱ्यांतून ती प्रार्थना शिकली. उद्यां सुनेनें तेथें नव्या धाटणीची तसबीर लावली तर आजीबाईची कांहीं तरी खरी हानि होते. परंतु हानि आणि अन्याय यांत भेद आहे. मुलगा मोठा झाला म्हणजे आईच्या मांडीवरचें मूल हरपतें. ही हानि आहे, पण आईवर कोणीं अन्याय केलेला नसतो. सुनेलाही कोणत्या तरी चेहऱ्यांतून प्रार्थना शिकावयाची आहे. आजीबाईला दुःख करण्याचा पूर्ण अधिकार आहे. सुनेची तसबीर उतरविण्याचा नाहीं.

मग हानीचा अन्याय होतो तो केव्हां? नवें आलें म्हणून नव्हे, तर नव्यासाठीं जुनें नष्ट केलें म्हणजे. याचा पाठ घेण्यासही मळवलीहून दूर जाण्याचें कारण नाहीं. स्टेशनाच्या एका अंगास भाजें आणि दुसऱ्या अंगास कार्लें. भाजें येथील चैत्यांत इसवी सनापूर्वींच्या कारागिरांनीं बुद्धाची मूर्ति घडविली नाहीं. तेथें पूजास्थान आहे तें स्तूपाचें. कार्ल्याचें सव्वाशें फूट लांबीचें चैत्यगृह इसवी सनाच्या आरंभींच्या काळचें. त्यांतही गाभाऱ्यांत स्तूपच आहे. पुढें कांहीं शतकांनीं लोकांस बुद्ध मनुष्यरूपांत पाहण्याची ओढ लागली आणि कार्ल्याच्या दर्शनी भागांत बुद्धमूर्ति कोरल्या गेल्या. त्यांतल्या कांहींसाठीं मूळचें वेदिकेचें नक्षीकाम छिन्नीनें तासून काढलें आहे. त्या मूर्तींचें सौंदर्य आम्हांस मान्य आहे. तरी त्या जागेपुढें उभें राहिलें असतां, गेलेली पट्टी परत यावयाची नाहीं, हें मनास बोंचतें. छापखान्याची गोष्ट निराळी. नवी तसबीर छापल्यानें जुनी पुसली जात नाहीं. दगडाचें काम मात्र एकाच्या जागीं दुसरें असेंच होतें.

नवलाची गोष्ट ही, कीं आजच्या विद्युत्-यंत्रांनीं आपणांस छापखान्याकडून पुन्हां छिन्नीकडे नेलें आहे. 'वॉरक्राफ्ट ३' हा २००२ सालचा खेळ नव्या चित्रांनिशीं २०२० च्या जानेवारींत पुन्हां निघाला, तेव्हां ज्यांनीं जुना खेळ पूर्वींच विकत घेतला होता त्यांच्यावरही नवी व्यवस्था लादली गेली आणि जुन्यांतील कांहीं सोयी नाहींशा झाल्या. तेथें चाहत्यांचा संताप आम्हांस सर्वस्वीं न्याय्य वाटतो. त्यांना नवें रूप नको होतें म्हणून नव्हे, तर त्यांच्या घरांतील जुनी तसबीर न विचारतां उतरविली गेली म्हणून.

तेव्हां कर्त्याचीं कर्तव्यें दोन ठरतात: लक्षण राखणें, आणि नवें करतांना जुनें न पुसणें. एवढें केल्यावर तो कोणाचें देणें लागत नाहीं. परंतु रसिकाच्या कर्तव्याचें काय? मळवलीच्या छापखान्यास १९७२ सालीं आग लागली आणि तेथील कित्येक मूळ छापे जळून गेले. ज्या रूपाच्या नांवें आपण प्रत्येक नव्या चित्रकाराशीं भांडतों, त्या रूपाची मूळ ठेव इतकी उघड्यावर होती! नव्याचा धिक्कार करण्यास शंभर जिभा पुढें येतात. जुन्याची निगा राखण्यास दोन हात मिळत नाहींत. राग ही प्रेमाची खूण आहे हें खरें, पण ती सर्वांत कमी खर्चाची खूण आहे. तसबिरीवरील धूळ झाडणें, वाळवीपासून तिला जपणें, मुलास ती कोणी, कोठें आणि कशी छापली हें सांगणें, यांत पदरचें कांहीं जातें; आणि ज्यांत पदरचें जातें त्यांतच प्रेमाची परीक्षा होते.

कार्ल्याच्या चैत्यांत छताच्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. दर्शनी भागांत नवे बुद्ध कोरणाऱ्यांनीं आंतल्या त्या लाकडास हात लावला नाहीं. ज्यांना नवें रूप हवें होतें त्यांनींही जुन्याचा तेवढा मान राखला. आमच्या घरांतून, देवघरांतून आणि मुलांच्या खेळांतूनही याहून अधिक कांहीं मागावें असें आम्हांस वाटत नाहीं. पण याहून कमीवरही संतुष्ट राहूं नये.