टाळ वाजत राहिला तर

फलटण, बरड करत माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या नातेपुत्यात पडतो. यंदा त्या संध्याकाळी पुण्याहून आलेला भाचा तळाकडे बघून म्हणाला, "मामा, एवढी लाखो माणसं, आणि सर्व्हर कुठेच नाही!" तो ज्या विषयात संशोधन करतो त्यात अनेक 'एजंट' असतात. एजंट म्हणजे आपापल्यापुरता विचार करून वागणारे छोटे प्रोग्राम. त्यांना एकमेकांच्या साहाय्याने, वर कुणी मालक नसताना, एखादं मोठं काम पार पाडायचं असतं. वारीत त्याला त्याचा विषयच डोळ्यांसमोर चालताना दिसला. तो कौतुकाने बोलला होता, तरी ते वाक्य मला टोचत राहिलं.

वारी आपोआप चालत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावलेली शिस्त तिच्या मागे आहे. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला की तळावरचे टाळमृदंग थांबतात. मी हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "पण कुठल्या दिंडीने स्वयंपाक काय करायचा, भिशी कशी गोळा करायची, आजाऱ्याला कुठे न्यायचं, हे चोपदार सांगतात का?" सांगत नाहीत. तरीही मी मान्य केलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की स्वातंत्र्य दिंडीचं असलं तरी मेळ चोपामुळे बसतो.

मग मी त्याच्याच विषयात शिरलो. मुंबईच्या आयआयटीतून शिकून बर्कलेला गेलेले विवेक बोरकर आणि त्यांचे गुरू प्रवीण वरैया यांनी 1982 साली एक सिद्धांत मांडला. एकाच गोष्टीचा अंदाज अनेकजण बांधत आहेत. प्रत्येकाची निरीक्षणं वेगळी, पण सुरुवातीची गृहीतं सारखी. ते एकमेकांना निरीक्षणं कळवत नाहीत, नुसते अंदाज कळवतात. हे अंदाज कड्यासारखे फिरत फिरत सगळ्यांपर्यंत पुन्हा पुन्हा पोचत राहिले, तर कालांतराने सगळ्यांचे अंदाज जुळतात. मालक नाही, चोपदार नाही, तरी एकमत. भाच्याला खूप आनंद झाला. गंमत म्हणजे मलाही झाला, कारण ते कडं मला दुसऱ्या दिवशी पुरंदावड्याला होणाऱ्या गोल रिंगणासारखं वाटलं.

पण त्या रात्री मला झोप लागेना. निष्कर्ष देणं वेगळं आणि पाहिलेलं देणं वेगळं, हा फरक मी आयुष्यभर जपला आहे. त्या सिद्धांतात एकमताची हमी आहे. सगळ्यांनी पाहिलेलं एकत्र केलं असतं तर जे उत्तर निघालं असतं, तेच हाती येईल याची हमी नाही. जिन्याचा दिवा घ्या. एक बटण खाली, एक वर, आणि दोन्हींच्या मेळावर दिवा लागलेला की विझलेला ते ठरतं. खालच्या माणसाला फक्त खालचं बटण दिसतं, वरच्याला फक्त वरचं. दिवा लागला असेल का, असं विचारलं तर दोघंही म्हणतील, निम्मी शक्यता. संपूर्ण एकमत! ते रात्रभर एकमेकांना 'निम्मी, निम्मी' कळवत बसले तरी कुणाला काही कळणार नाही. 'माझं बटण वर आहे' एवढं एकाने सांगितलं की दुसऱ्याला लगेच उत्तर कळतं.

नोकरीत असताना मी हे भोगलं आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाला किती पाणी पोचेल याचा अंदाज तीन गट मिळून बांधत होते. दर महिन्याच्या बैठकीत फक्त शेवटचा आकडा सांगितला जाई. चौथ्या महिन्यात तिघांचे आकडे जुळले. आम्ही अहवाल दिला, आणि टेलच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला कोरडी चारी आली. एका ठिकाणचं मापक गाळाने भरलं होतं. ज्याने ते पाहिलं होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आकडे जुळत असताना मध्येच बोलायला तो धजला नाही. याचं दुःख माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

भाच्याच्या विषयातल्या एजंटांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून 1996 साली 'फिपा' नावाची संस्था निघाली. तिच्या भाषेत संदेशांचे 22 प्रकार आहेत: विनंती, होकार, नकार, काम फसल्याची खबर. आणि त्यातच एक 'समजलं नाही'. न ओळखता येणारा संदेश आला तर एजंटाने गप्प बसायचं नाही, 'समजलं नाही' असं उलट कळवायचं. यंत्रांना हे शिकवणारी माणसं स्वतः एकत्र बसतात तेव्हा हा शब्द क्वचित उच्चारतात. संयुक्त शोधनिबंधावर सहा नावं असतात. सहापैकी कुणाला कुठे शंका होती याचा मागमूस नसतो.

इथवर आलो आणि चोपाबद्दलचं माझंच म्हणणं मला अपुरं वाटू लागलं. संध्याकाळच्या समाजआरतीला चोप उंचावतो, सगळे टाळ थांबतात, हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. मग चोपदारांना त्या दिंडीपर्यंत चालत जावं लागतं, काय झालं ते विचारावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं. मी इतकी वर्षं त्या शांततेलाच शिस्त समजत होतो. शांतता कशासाठी, तर कुणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐकू यावं म्हणून. केंद्र आहे की नाही, हा भाच्याचा आणि माझा वाद मग मला गौण वाटला. चोपदार असोत वा नसोत, पटलं नाही हे सांगायची सर्वांना ठाऊक असलेली रीत हवी, आणि ती पाळणाऱ्याकडे कुणीतरी चालत जायला हवं.

सकाळी चहा घेताना मी भाच्याला विचारलं, "तुमच्या संशोधनात सोबत काम करणाऱ्यांपैकी कुणाला काही पटलं नव्हतं का?" तो आधी नाही म्हणाला. मग थोडा वेळ थांबून म्हणाला, एका मुलीने मार्चमध्ये लिहिलं होतं की तिच्याकडचे आकडे बसत नाहीत, पण नंतर तिने ते सोडून दिलं.

"तिने सोडून दिलं, की तुम्ही विचारलं नाही?"

कप तसाच ठेवून तो फोन घेऊन अंगणात गेला. मला एवढंच ऐकू आलं: निष्कर्ष नको, मोजलेले आकडे जसेच्या तसे पाठव.