आधी बाटली, मग मेरोपेनेम

ही प्लेट हातात घ्या. झाकण उघडू नका, पण नीट बघा. लांबून माना डोलवणं पुरे झालं.

फिकट पिवळ्या आगरवर मधोमध जी पांढरी टिकली आहे ना, ती मेरोपेनेमची. तिच्याभोवती स्वच्छ, मोकळं वर्तुळ असायला हवं होतं. दिसतंय? क्लेब्सिएला जंतू टिकलीच्या काठाला चिकटून वाढलाय. आणि आयसीयूतल्या त्या बाईंना आज सातव्या दिवशीही तुम्ही हेच मेरोपेनेम देताय! कल्चर पाठवलं कधी, तर तिसऱ्या दिवशी. रिपोर्ट काल दुपारी तयार होता. मी स्वतः फोन केला. ‘बघतो मॅडम’ म्हणालात, आणि रात्रीचा डोसही तोच गेला.

पेशंट सिरियस होती, थांबायला वेळ नव्हता, हे मला सांगू नका. थांबायला सांगितलंय कुणी? सेप्सिसमध्ये पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे. पण त्याआधी दोन ठिकाणांहून रक्त घेऊन कल्चरच्या बाटल्या भरायला कितीसा वेळ लागतो? ‘हायर अँटिबायोटिक चालू करा’ एवढं म्हटलं की आपलं काम झालं, असं तुम्हाला वाटतं. डॉक्टरकी म्हणजे एवढंच असतं का?

आमच्या तपासणीत एनडीएम आलंय, मेरोपेनेमला फोडणारं एन्झाइम. 2008 मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात ते सापडलं. तो भारतात उपचार घेऊन गेलेला होता, म्हणून नवी दिल्लीचं नाव त्याला चिकटलं. त्या नावावरून आपल्याकडे केवढा गहजब झाला! नावाचा राग आला सगळ्यांना, आपल्या सवयींचा कुणालाच आला नाही.

आता हातात काय उरलंय, सांगा. कोलिस्टिन? मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून एके काळी मागे पडलेलं औषध. या बाईंचं क्रिएटिनिन आधीच 2.1 आहे. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम एकटं चालणार नाही, कारण ॲव्हिबॅक्टम एनडीएमला अडवत नाही. ॲझ्ट्रिओनाम एनडीएमला फोडता येत नाही, पण त्याच जंतूतली दुसरी एन्झाइम्स ते फोडतात आणि त्यांना ॲव्हिबॅक्टम आवरतं. म्हणून ही औषधं एकत्र द्यायची. आणि ती किती महाग आहेत, हे बाहेर बाकावर चिठ्ठ्यांच्या घड्या धरून बसलेल्या त्यांच्या मुलाला विचारा.

एवढ्यावर संपत नाही. ताप उतरला नाही तर उद्या तुम्ही अंदाजानेच बुरशीवरचं फ्लुकोनाझोल लिहाल. सात दिवसांच्या मेरोपेनेमने आतड्यातले निरुपद्रवी जंतू मारलेत, गळ्यात सेंट्रल लाइन आहे. कँडिडाला आणखी काय हवं? तो ऑरिस निघाला तर फ्लुकोनाझोल बहुतेक वेळा चालतच नाही, एकायनोकँडिन लागतं. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरची बुरशी झालेल्या रुग्णांचे नातेवाईक ॲम्फोटेरिसिनसाठी दारोदार फिरत होते. स्टेरॉइडचे डोस आणि रक्तातली साखर यांच्याकडे कानाडोळा झाल्याची किंमत कुणाकुणाचे डोळे काढून चुकवावी लागली. इतक्यात विसरलात?

आजपासून केसपेपरवर अँटिबायोटिकच्या नावाच्या वर कल्चर घेतल्याची वेळ दिसली पाहिजे, खाली सहीसकट. अठ्ठेचाळीस तासांनी रिपोर्ट कुठवर आलाय ते लॅबला तुम्ही विचारायचं. मी फोन करणार नाही. अन् आत्ता आधी बाहेर जा, त्या मुलाशेजारी बसा आणि सात दिवसांत काय चुकलं ते त्याला खरं खरं सांगा.