खुर्ची आणि गंगाळ

माणसानं मोठं व्हायची इच्छा धरणं हे पाप आहे का? आमच्या मंडळीत दर पंच निवडणुकीला हा प्रश्न निघतो. निवडणूक जवळ आली की एरवी मागं बसणारी माणसं उपासनेला पुढच्या बाकावर दिसतात. प्रार्थना लांबतात. पडलेला माणूस दोन-दोन नाताळ चर्चची पायरी चढत नाही. निवडून आलेला म्हणतो, "मला पद नको होतं, सेवेसाठी उभा राहिलो." पडलेलाही तेच म्हणतो. मग भांडण कशाचं? चर्चचा केर काढायला, आजाऱ्याच्या घरी डबा न्यायला मतं लागत नाहीत.

हे दुखणं जुनं आहे. जब्दीची दोन पोरं, याकोब आणि योहान, प्रभूकडं गेली आणि तुझ्या राज्यात आम्हाला उजवी-डावीकडं बसव म्हणाली. मार्क असं सांगतो. मत्तयात त्यांची आईच शब्द टाकते. पोरांसाठी वशिला लावणारी आई आपल्याला काही नवी नाही. हे ऐकून बाकीचे दहा जण चिडले. मला ही जागा फार खरी वाटते. खुर्ची नको असती तर ते चिडले कशाला असते?

प्रभूनं मात्र मोठं होऊच नका, असं काही सांगितलं नाही. ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सगळ्यांची चाकरी करावी, अशी वाट दाखवली. आणि शेवटच्या रात्री स्वतः कमरेला रुमाल बांधून, गंगाळात पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुतले.

पण इथं जरा थांबलं पाहिजे. कारण 'नम्र व्हा, सेवा करा' हे आमच्या लोकांना फार ऐकवलं गेलंय. माझा आजा गावचा येसकर होता. सांगावा पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं आणि सांजच्याला दारोदार भाकरी मागायची. त्याहून खालची जागा ती कुठली? तरी त्याला कुणी नम्र म्हटलं नाही. ज्याला उठून जायची सोयच नाही, त्याच्या वाकण्याला वेठ म्हणतात. प्रभूनं पाय धुतले ते गुरू असताना, आपण कोण हे पक्कं ठाऊक असताना. म्हणून ती सेवा झाली. पोराच्या हातात येसकराची काठी नको, पाटी यावी, म्हणून आजानं माझ्या बापाला मिशनच्या शाळेत घातलं. ही महत्त्वाकांक्षाच की! ती पाप असेल, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मग फरक ओळखायचा कसा? मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. तेवढ्या नावावर जन्म निघाला असता. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी पोरीबाळी घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभं राहिलं. पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळ्या बायबलचं मराठी केलं. एवढं काम अंगावर घ्यायला केवढी मोठी इच्छा लागत असेल! आणि ती कशासाठी, तर साध्या बायामाणसांना वाचून कळावं म्हणून. छापखान्यातही मुक्तीतल्या बाया राबल्या. १९२२ साली रमाबाई गेल्या. छापलेलं पुरं पुस्तक १९२४ साली बाहेर आलं, ते बघायला त्या नव्हत्या.

तेव्हा इच्छेची लांबी-रुंदी मोजून भागत नाही. ती पुरी झाल्यावर कोण वर आलं, ते बघावं. अंगात बळ यावं वाटणं निराळं आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बसावं वाटणं निराळं.

नम्रपणातही भेसळ असते. भरलेलं कणीस वाकतं म्हणतात. आम्ही ज्वारी करणारी माणसं. किडीनं पोखरलेलं ताटही वाकतं, हे आम्हाला ठाऊक आहे. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. जवळ जाऊन कणीस हातात धरावं, दाणा दाबून बघावा, तेव्हा कळतं.

आमच्या चर्चची घंटा वाजवणारा एक म्हातारा होता. निवडणुकीत तो कधी पडला नाही. एका वर्षी दोन्ही बाजू भांडून दमल्या आणि त्यालाच बिनविरोध पंच करू म्हणाल्या. आम्हाला वाटलं, नको म्हणेल. तो हो म्हणाला. कबरस्तानाला रस्ता नव्हता, पावसाळ्यात पेटी गुडघाभर चिखलातून न्यावी लागायची. ते त्याच्या डोक्यात होतं. पंच म्हणून तो तालुक्याला खेटे घालत राहिला, कागद पुढं सरकवत राहिला आणि तिसऱ्या वर्षी मुरूम पडला. मुदत संपली तेव्हा त्याला खुर्चीतून कुणी उठवायला लागलं नाही. पुढच्या रविवारी घंटा त्यानंच वाजवली.