माप कोणाचे?

तळ्यात मासा कुजला की अमोनिया तयार होतो. काही सूक्ष्म जीव त्याचे नायट्राइट करतात व त्यातूनच जगण्याची शक्ती मिळवितात. १८९० साली विनोग्राडस्की यांनी असे जिवाणू वेगळे काढले. त्यानंतर कितीतरी वर्षे प्रयोगशाळेच्या बशीत जे वाढले, तेच मोजले गेले. पाण्यातून थेट जनुके वाचता येऊ लागली तेव्हा तळ्यांत व समुद्रांत यांची वेगवेगळी कुळे आढळली. २००५ साली तर मत्स्यालयाच्या टाकीतून नायट्रोसोप्युमिलस मिळाला. तो जिवाणूच नव्हे, आर्किया या निराळ्या वर्गातला! समुद्रात त्याच्या कुळाची संख्या अफाट आहे.

मग तो इतके दिवस का सापडला नाही? समुद्रात अमोनिया अत्यल्प, बशीत भरपूर. अल्पावर जगणारा त्या भरपुरात मागे पडला.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. बशी आपली, अन्न आपण ठरविलेले आणि निकालही आपलाच. 'आढळले नाही' हे म्हणणे प्रामाणिक आहे. 'नाहीच' हे म्हणणे अहंकाराचे आहे. माणसांची योग्यता ठरवितानाही हाच विवेक हवा. कोणाला नापास करण्यापूर्वी आपले माप तपासा.