पहिल्या सूचनेलाच निघावं

युक्रेनमध्ये युद्ध पेटलं ते 24 फेब्रुवारी 2022 ला. त्याच्या नऊ दिवस आधीच आपल्या दूतावासानं कळवलं होतं, की ज्यांचं राहणं अगदी गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तूर्त परतण्याचा विचार करावा. 22 तारखेला तर स्पष्टच सांगितलं: ऑनलाइन वर्गांबद्दल विद्यापीठाच्या उत्तराची वाट पाहू नका, निघा. तरी हजारो मुलं थांबली. हजेरीची धास्ती होती, तिकिटंही महागली होती.

मुळात ही मुलं तिकडं जातात कशाला? मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. ते 2024 मध्ये सुरू झालं. खासगी फी झेपत नाही म्हणून मराठवाड्यातली पोरं डॉक्टर व्हायला परदेशाची वाट धरतात. परतायचं म्हटलं, की घरून फोनवर पहिला प्रश्न येतो, "वर्ष तर वाया जाणार नाही ना?" त्यामागं कर्ज असतं, मोसंबीच्या बागेवरची भिस्त असते. त्या आईबापांना मी दोष देणार नाही. पण तो प्रश्न ऐकून विशीतलं लेकरू भरायला घेतलेली बॅग पुन्हा कोपऱ्यात ठेवतं, याचं मला फार वाईट वाटतं.

1 मार्चला खारकीवमध्ये खाण्याचं सामान आणायला गेलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाची सूचना आली: शहर तात्काळ सोडा, वाहन नसेल तर पायी चला, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा. यातलं सगळ्यात जवळचं पिसोचिनही अकरा किलोमीटरवर, तेही ऐन थंडीत. पुढं भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’ या सुटका मोहिमेतून हजारो जण सुखरूप आले, हे खरंच मोठं काम झालं. पण पहिल्या सूचनेनंतर साध्या प्रवासी विमानानं येता येत होतं.

लढाई सुरू झाल्यावर दूतावासाला न कळवता परस्पर सीमेकडे धावणं धोक्याचंच. पोलंडच्या सीमेवर कित्येक मुलं त्या गारठ्यात अडकून पडली. गटानं राहावं, पासपोर्ट आणि थोडे डॉलर अंगावरच्या खिशात ठेवावेत, गाडीवर तिरंगा ठळक लावावा.

ज्यांचं लेकरू आज युद्धाचं सावट असलेल्या देशात आहे, त्यांनी सकाळच्या फोनवर एवढंच विचारावं: दूतावासात नाव नोंदवलंस का? पासपोर्ट जवळ आहे ना? आणि मग सांगावं, "फीचं आम्ही बघतो बाळा, तू निघ."