भीतीचे प्रमाण

‘प्रमाण’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक पुराव्याचा आणि दुसरा मापाचा. न्यायालयात उभे राहून ज्याने वीस वर्षे घालविली त्याला पहिल्या अर्थाची सवय असते. आमटीत मीठ घालणाऱ्या गृहिणीला दुसऱ्याची. साथीच्या दिवसांत मात्र या दोन्ही अर्थांनी प्रमाण सुटते, आणि ते सुटले म्हणजे सुज्ञ म्हणविणारी माणसे काय करून बसतात, हा प्रश्न कित्येक वर्षे माझी पाठ सोडीत नाही. त्याला एक खाजगी कारण आहे. ते योग्य जागी सांगेन.

१६ मे २००९ रोजी भारतातील स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण निश्चित झाला, तो आमच्या हैदराबादेत. अमेरिकेहून दुबईमार्गे आलेला तो एक तरुण होता. त्याला एर्रागड्डा येथील सरकारी छातीरोग रुग्णालयात ठेवण्यात आले आणि यथाकाल तो बराही झाला. परंतु तो कोण, कुठल्या मोहल्ल्यातला, कोणाकोणास भेटला, याची चर्चा न्यायालयाच्या उपाहारगृहात अशा आवेशाने चाले की, जणू एखाद्या फरारी आरोपीचा माग काढावयाचा आहे. त्याच रुग्णालयात क्षयाचे रोगी पिढ्यान्‌पिढ्या येऊन पडत आले आहेत. क्षयाने या देशात दरवर्षी लाखांच्या संख्येने माणसे जात होती, आणि तोही श्वासावाटेच पसरणारा रोग. पण त्यांची विचारपूस आमच्यापैकी कोणी केली नव्हती. जुन्या दुःखाची बातमी होत नाही.

३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतील देशातला तो पहिला बळी. त्यानंतरचे पंधरवडाभराचे पुणे अनेकांना आठवत असेल. शाळा, महाविद्यालये, चित्रपटगृहे बंद झाली, औषधांच्या दुकानांतून मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या, आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी अशी गर्दी लोटली की, ज्याला रोग नव्हता त्यालाही तो त्या रांगेत मिळावा. वृत्तवाहिन्यांवर मृतांचा आकडा क्रिकेटच्या धावफलकाप्रमाणे पडद्याच्या कोपऱ्यात हलत असे.

आता सरकारी आकडे पाहावेत. २००९ साली या रोगाने देशात ९८१ माणसे गेली, २०१० साली १,७६३, आणि २०१५ साली २,९९०. गोंगाट सर्वांत मोठा झाला तो पहिल्या वर्षी. अधिक मृत्यू पुढे झाले. ज्या वर्षी आपण सर्वाधिक घाबरलो ते वर्ष सर्वाधिक घातक नव्हते. नवा रोग किती घेईल हे आरंभी कोणासच ठाऊक नसते, म्हणून सुरुवातीची सावधगिरी क्षम्य, किंबहुना आवश्यक असते. पण सावधगिरीला धोक्यामागून चालावे लागते. आपली भीती नावीन्यामागून चालली.

यावर सारा दोष वर्तमानपत्रांच्या माथी मारणे सोपे आहे. ते न्याय्य नव्हे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळी महायुद्ध चालू होते आणि लढणाऱ्या राष्ट्रांत बातम्यांवर नियंत्रण होते. तटस्थ स्पेनमधील पत्रांनी रोगाविषयी मोकळेपणाने लिहिले, म्हणून रोगाला नाव मिळाले ते स्पेनचे! त्या साथीत एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ज्याला बातमीच मिळत नाही तो बेसावध मरतो. म्हणून बातमी नको असे कोणी म्हणू नये. बातमी आपल्या हाती आल्यावर आपण तिचे काय करतो, एवढाच प्रश्न उरतो. आणि येथे मला स्वतःविषयी बोलणे भाग आहे.

त्या वर्षी २३ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. आमच्या वस्तीतील मराठी व कोंकणी कुटुंबे मिळून एक लहानसा उत्सव करीत. नैवेद्याच्या पातोळ्या एका वृद्ध मावशींच्या हातच्या असत. त्यांचा नातू पुण्यास शिकत होता. महाविद्यालय बंद झाल्यामुळे तो घरी आला. येऊन बारा दिवस झाले होते. त्याला ज्वर नव्हता की खोकला नव्हता, आणि या रोगाची लक्षणे तर सहसा एक ते चार दिवसांत दिसतात. पण तो पुण्याहून आला होता, आणि त्या महिन्यात ‘पुणे’ हे एका रोगाचेच नाव झाले होते. बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, “मी ऐकले आहे.” दुसरे म्हणाले, “टीव्हीवर दाखवीत होते.” ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हे शिकण्यासाठी पैसे मोजलेला त्या बैठकीत मी एकटाच होतो. मी हरकत घेतली नाही. उलट, त्या कुटुंबाने यंदा उत्सवास येऊ नये, अशा अर्थाच्या विनंतीपत्राचा मसुदा मीच केला.

विसर्जनानंतर मी प्रसाद घेऊन त्यांच्याकडे गेलो. मावशींनी तो घेतला, कपाळी लावला, आणि म्हणाल्या, “पत्र तूच लिहिलेस ना रे? भाषेवरून ओळखले. एकही चूक नव्हती हो त्यात.” मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

पुढल्या वर्षी १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने ही जागतिक साथ ओसरल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात आमच्या कचेरीतील कारकून तापाने फणफणत कामावर आला. “साधा फ्लू असेल,” असे म्हणून मी त्याला कागद दाखल करावयास रांगेत पाठविले. त्यानंतर तो आठ दिवस रुग्णालयात होता. रोग तोच, मनुष्य मीही तोच. फक्त पडद्यावरचा आकडा हलावयाचा थांबला होता. निरोगी मुलाला मी दाराबाहेर ठेवले आणि आजारी माणसाला कामास जुंपले. तेव्हा माझ्या ध्यानात आले की, आदल्या वर्षी ज्याला मी सावधगिरी समजत होतो ती सावधगिरी नव्हतीच. ती केवळ चारचौघांच्या सुरात मिसळलेला माझा सूर होती.

साथीचा कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. अवघ्या चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात घरझडतीच्या जुलमाने लोक पेटले आणि २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला, येथे सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉस नावाचा एक डॉक्टर डास चिरीत बसला होता. त्या दिवशी त्याला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. भयाच्या त्या वर्षात मनुष्यजातीच्या कायमच्या उपयोगी पडले ते हे निमूट काम. १८९७ चा तो कायदा आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा सांगत होता. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत डॉक्टरांवर व परिचारिकांवर हल्ले झाले, कित्येकांना घरमालकांनी बाहेर काढले, आणि २२ एप्रिलला अध्यादेश काढून त्याच कायद्यात शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाची कलमे घालावी लागली. रोग्यापासून समाजाचे रक्षण करण्यास निघालेल्या कायद्याला एकशे तेवीस वर्षांनी समाजापासून वैद्याचे रक्षण करावे लागले, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी बसून करावा.

आजारी माणसाने काही दिवस वेगळे राहावे, यात अधर्म नाही. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आपल्या समाजाला दूर राहणे शिकवावयास नको. आपल्याला शिकावयाचे आहे ते दूर राहूनही जवळ कसे असावे हे. त्या पत्राखाली मी एवढी एक ओळ लिहिली असती, की आरतीनंतर नैवेद्याचे ताट आम्ही आपल्या दारी आणून देऊ, तरी ते पत्र निराळे झाले असते. आणि मुलाला ताप आहे काय, एवढा प्रश्न बैठकीत विचारला असता, तर पत्र लिहावेच लागले नसते.

साथी पुन्हा येतील, आणि त्यांच्या बातम्या त्यांच्याही आधी येतील. तेव्हा प्रत्येक बातमीस दोन गोष्टी विचाराव्यात: तुझा पुरावा काय, आणि तुझे माप काय? तिसरी गोष्ट स्वतःस विचारावी: हे ऐकून मी कोणाच्या उपयोगी पडणार आहे, की केवळ माझे दार लावून घेणार आहे? ‘प्रामाणिक’ हा शब्दही ‘प्रमाण’ यातूनच निघाला आहे. मावशी आज हयात नाहीत. त्यांना मी हे उत्तर देऊ शकलो नाही, म्हणून येथे लिहून ठेवीत आहे.