रजा आईबापांची, वर्षे मुलांची

आपल्या मंडळ्यांतील एखाद्या शिक्षकाला, परिचारिकेला, डॉक्टरला किंवा पाळकाला उच्च शिक्षणासाठी एक-दोन वर्षे परदेशी जाण्याची संधी मिळते. रविवारी उपासनेत तशी घोषणा होते, उपकारस्तुतीची प्रार्थना होते, घरोघरी पेढे जातात. घरातले मूल चार-पाच वर्षांचे असेल तर फारसा प्रश्न येत नाही. आईचे बोट धरून ते कोठेही जाते. परंतु मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल तर एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो आपण सहसा उघड बोलत नाही. रजा मिळाली ती आईला किंवा वडिलांना. मुलाला कोणी रजा दिली? आपल्या अभ्यासासाठी त्याच्या आयुष्यातील दोन वर्षे घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

प्रश्न डोळ्यांपुढे यावा म्हणून समजा, हे कुटुंब दादरा-नगर हवेलीतील सिल्वासा भागात सुरंगी गावी राहते. या भागातील मूल घरी वारली किंवा कोकणा बोलते, बाजारात गुजराती ऐकते, मराठीत प्रार्थना करते आणि शाळेत हिंदी-इंग्रजी शिकते. भाषा बदलणे त्याला नवे नाही. त्याच्या पणजोबांच्या पिढीने तर घर न सोडता राज्य बदललेले पाहिले: १९५४ साली पोर्तुगीज सत्ता गेली, १९६१ साली हा प्रदेश भारतात विलीन झाला. तेव्हा मूल नव्या ठिकाणी टिकेल की नाही ही शंका आम्हाला नाही. बहुतेक मुले टिकतात. पण जो टिकतो त्याच्यावर अन्याय झालाच नाही, असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे: "अरे, हे सगळे तुझ्याच भल्यासाठी चालले आहे." हे उत्तर प्रेमाचे वाटते, पण ते पुरते खरे नसते. अर्ज आपण केला तो आपल्या अभ्यासासाठी. मुलाचा फायदा झाला तर तो मागाहून झालेला. पंधरा वर्षांच्या मुलाला हा फरक चांगला कळतो. त्याच्या भल्याचे नाव पुढे केले की त्याला दुःख करण्याचीही सोय उरत नाही, कारण रडला तर तो कृतघ्न ठरतो.

दुसरे उत्तर याच्या उलट: "मुलांसाठी आम्ही आमची संधी सोडली." कधी कधी संधी सोडणे हेच योग्य असते. परंतु सोडून मग आयुष्यभर त्याची आठवण करून देणे म्हणजे मुलाला न मागितलेल्या कर्जात टाकणे होय. त्याग केला तर तो हिशेबात धरू नये. हिशेबात धरायचा असेल तर करूच नये.

आम्हाला तिसरा मार्ग बरा वाटतो, आणि तो खरे बोलण्याचा आहे. "आम्हाला हा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी तुला काही सोडावे लागेल, हे आम्ही जाणतो. तू बरोबर असावास अशी आमची इच्छा आहे. तुझे काय म्हणणे आहे?" एवढे चार वाक्यांचे बोलणे तिकिटे काढण्याच्या अगोदर झाले पाहिजे. तिकिटे काढून झाल्यावर विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, ती बातमी असते. मुलाला विचारणे म्हणजे सगळा निर्णय त्याच्यावर टाकणे नव्हे. तो भार त्याच्या वयाला झेपणार नाही. जायचे की नाही हे शेवटी आईबापांनी ठरवावे व त्याची जबाबदारीही घ्यावी. परंतु केव्हा जायचे, दहावी इथे पुरी करायची की तिकडे, कोणते विषय घ्यायचे, मागे राहायचे असेल तर कोणाकडे, या गोष्टींत त्याच्या शब्दाला वजन असावे.

आपल्या लोकांत हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली शिक्षणासाठी इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत व संस्कृत शिकवीत असताना मुलगी वाँटेज येथे सिस्टरांच्या देखरेखीखाली राहिली. सिस्टरांची माया खरी होती. तरीही मुलीला काय शिकवावे व कसे वाढवावे यावरून रमाबाईंचा त्यांच्याशी वाद झाला. त्यांचा तो पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. आपली मुलगी आपल्या देशाच्या लोकांपासून परकी होऊ नये, त्यांच्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू नये, हिंदुस्थानचे नाव निघताच तिला लाज वाटू नये, असा त्या आईचा आग्रह होता. ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो त्यांनाच असे सांगायला धैर्य लागते. मनोरमाबाई पुढे स्वतः परदेशी शिकून आल्या, शारदा सदनाचे काम त्यांनी सांभाळले, आणि १९२१ साली आईच्या आधी काही महिने त्या वारल्या. रमाबाईंच्या उदाहरणातून आम्ही एवढेच घेतो की परक्या देशात मुलाची शाळा दुसरा कोणी चालवील, पण ते कोणाचे आहे हे त्याला सांगण्याचे काम आईबापांना दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

दुसरे उदाहरण गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे. पालीचे हे पंडित १९१८ साली हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी दुसऱ्यांदा अमेरिकेला गेले, तेव्हा थोरली मुलगी माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. दामोदर तेथील केंब्रिज गावच्या शाळेत वाढला. १९२२ साली वडील परतले तरी तो शिक्षणासाठी तिकडे राहिला व १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला. पुढे हाच मुलगा, गणितज्ञ दा. ध. कोसंबी, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत, खेड्यांतली दैवते व दगडी हत्यारे पाहत हिंदुस्थानच्या इतिहासाकडे वळला, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला. परदेशी वाढलेले मूल मातीला मुकतेच असे नाही, याला हा पुरावा आहे. पण एका बुद्धिमान मुलाचे उदाहरण आपल्या मुलावर ओझे म्हणून ठेवू नये. तो मोठा झाला म्हणून अकराव्या वर्षी आप्तांपासून दूर जाणे त्याला सोपे गेले असेल, असेही ठरत नाही.

आता रजेच्या नियमांकडे पाहू. केंद्र सरकारच्या रजा नियमांप्रमाणे अभ्यासरजा संपूर्ण नोकरीत २४ महिने व सामान्यतः एका वेळी १२ महिने मिळते. तिच्यासाठी कर्मचाऱ्याला करारपत्र लिहून द्यावे लागते की परत आल्यावर तो तीन वर्षे सेवा करील. सरकार आपल्या माणसाकडून असे वचन घेते, कारण रजेत खर्च सरकारचा होतो. मग मुलाचा जो खर्च होतो त्याबद्दल आपण त्याला कोणते वचन लिहून देतो? आम्हाला वाटते, असे वचन असावे. ते थोडे व पाळता येईल असे असावे: परतण्याची तारीख तुला न विचारता पुढे ढकलणार नाही, तिकडे नोकरीचा मोह झाला तर तुझ्यापासून लपवणार नाही, आठवड्यातील एक संध्याकाळ पुस्तके मिटून तुझ्यासोबत घालवू.

तयारीतही न्याय-अन्यायाचा भाग आहे. आपल्याकडे शाळा जूनच्या सुमारास सुरू होतात, इंग्लंडमध्ये सप्टेंबरात. तिकडची सोळाव्या वर्षाची परीक्षा बहुधा दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर असते. मधल्या वर्षी दाखल झालेल्या मुलाची फार ओढाताण होते. अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी असते, आणि शाळेत घेण्यापूर्वी लसीकरणाची नोंद मागतात. शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रके जपून न्यावीत. परत आल्यावर परदेशी परीक्षेला समकक्षता मिळेल का, याची चौकशी जाण्यापूर्वीच करावी. कधी कायदाच आडवा येतो: ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी, संशोधनाचे विद्यार्थी व काही सरकारी शिष्यवृत्तिधारक सोडले, तर इतरांना कुटुंब बरोबर आणण्यास बंदी केली आहे. अर्ज करण्याआधी हे पाहिले नाही तर मुलाला आशा लावून मग मागे ठेवण्याची पाळी येते.

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची हकिकत आहे. सण आटोपून आईबाप यरुशलेमहून निघाले, आणि मुलगा वाटसरूंच्या सोबतीत असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून गेले. ते निष्काळजी नव्हते. मुलगा बरोबर आहे असे त्यांनी धरून चालले होते. पुष्कळ आईबाप मुलाला परदेशी नेतात तेही असेच. मूल त्याच घरात असते, त्याच ताटात जेवते, आणि मनाने कोठे राहिले आहे याची दोन वर्षे चौकशी होत नाही. मरीया व योसेफ मागे वळले, शोधत गेले, आणि मुलाचे उत्तर त्यांना समजले नाही तरी त्यांनी ते ऐकून घेतले.

शेवटी संडे स्कूलच्या शिक्षकांना दोन शब्द. जाणाऱ्या मुलाचे नाव हजेरीतून काढू नका. त्याच्या वर्गाने त्याला महिन्यातून एकदा मराठीत पत्र लिहावे व त्यानेही मराठीत उत्तर द्यावे. बोलणे टिकते, लिहिणे लवकर विसरते. तो परत येईल तेव्हा त्याला पुढे उभे करून तिकडच्या गमती सांगायला लावू नका, आणि त्याचे उच्चार बदलले म्हणून हसू नका. दोन वर्षांत इकडचे मित्र पुढे गेलेले असतात. येणे हेही त्याच्यासाठी दुसरे जाणेच असते. तेव्हा त्याच्या जुन्या जागी बसायला थोडे सरकून जागा करून द्या. आईबापांनी घेतलेल्या रजेची किंमत मुलाने एकट्याने भरू नये, यासाठी मंडळीला एवढे नक्की करता येईल.